विमानतळाचा रस्ता नक्की कोणासाठी?

विमानतळ वाढला की काही वर्षांत एक मागणी हमखास पुढे येते: महामार्गावरून थेट टर्मिनलकडे उतरणारा नवा इंटरचेंज, म्हणजे सिग्नलशिवाय रस्ते जोडणारी पूल आणि रॅम्पची रचना, हवी. मागणी रास्तच असते. टर्मिनल दुप्पट झालेलं, नव्या विमान कंपन्या आलेल्या, पहाटेची उड्डाणं वाढलेली, आणि प्रवासी मात्र बॅगा घेऊन अजून त्याच जुन्या सिग्नलवर घड्याळाकडे बघत बसलेला. मग आराखडा येतो. उंचावरून दाखवलेलं संगणकीय चित्र, हिरवळीच्या पाकळ्या, वळणदार रॅम्प, तुरळक चकचकीत गाड्या. अशा चित्रांत ट्रक किती दिसतात ते एकदा मुद्दाम मोजून बघा.

चित्र पाहून वाद सुरू होतो तो लेन किती, खर्च किती, काम कधी संपणार आणि जमीन कोणाची जाणार यावर. हे प्रश्न खरेच आहेत. पण सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न बहुतेक वेळा विचारलाच जात नाही. या रस्त्यावर कोणाला चढू द्यायचं आणि कोणाला नाही? इंटरचेंज पुढची वीस-तीस वर्षं विमानतळाच्या कामी येणार की थोड्याच वर्षांत आणखी एक तुंबलेला चौक होणार, हे माझ्या मते त्याच उत्तरावर ठरतं. आणि ते उत्तर बांधकामाआधी कागदावर यावं लागतं. एकदा आजूबाजूला गाळे, गोदामं आणि घरं उभी राहिली की त्यांचा रस्ता बंद करण्याची हिंमत कुठल्याच सरकारला होत नाही.

अमेरिकेतले दोन विमानतळ या बाबतीत शेजारी शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. वॉशिंग्टनचा डलेस विमानतळ १९६२ मध्ये सुरू झाला, शहरापासून दूर, व्हर्जिनियाच्या तेव्हाच्या ग्रामीण भागात. त्याच्यासाठी एक खास रस्ता बांधला गेला, फक्त विमानतळावर जाणाऱ्या-येणाऱ्यांचा. शहराकडून येणारी साधी गाडी त्यावर चढली की विमानतळापर्यंत मध्ये उतरायला वाट नाही. पुढे दोन्ही बाजूंना उपनगरं फोफावली आणि रोज कामावर जाणाऱ्यांचा दबाव वाढला. तेव्हा हा रस्ता सर्वांना खुला करण्याऐवजी त्याच्या कडेने वेगळा टोल रस्ता बांधला गेला, १९८४ मध्ये. विमानतळाचा रस्ता विमानतळाचाच राहिला. आधी विमानतळावर जायचं, तिथून वळसा घ्यायचा आणि फुकटच्या रस्त्याने परत यायचं, असा शोध लावणारे महाभागही निघाले. त्यांच्यासाठी दंड ठेवावा लागला. सगळ्यात दूरदृष्टीची गोष्ट म्हणजे रस्त्याच्या मधोमध रेल्वेसाठी जागा राखून ठेवली होती. मेट्रोची सिल्व्हर लाइन त्या पट्ट्याचा बराचसा वापर करत २०१४ मध्ये अर्ध्या वाटेपर्यंत आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये विमानतळापर्यंत पोचली. साठ वर्षं ती जागा कोणाच्या घशात गेली नाही, ही साधी गोष्ट नव्हे.

दुसरा विमानतळ डेन्व्हरचा, १९९५ मध्ये सुरू झालेला. शहराबाहेर, मोकळ्या माळावर. महामार्गापासून टर्मिनलपर्यंत नेणारा पेन्या बुलेवार्ड हा रस्ता बांधला तो विमानतळासाठीच. पण त्याला वाटेत जोडरस्ते मिळत गेले, दोन्ही बाजूंना वसाहती, हॉटेलं, गोदामं आली, आणि विमानाशी काही संबंध नसलेल्या गाड्या त्यावर मोठ्या प्रमाणात धावू लागल्या. २०१६ मध्ये रेल्वे सुरू झाली तरी रस्त्यावरचा ताण हटला नाही. आता रुंदीकरणाची चर्चा निघाली की वाद होतो तो खर्चाचा. विमानतळाच्या उत्पन्नातून विमानतळाबाहेरच्या लोकांचा रस्ता रुंद करायचा का? अमेरिकेच्या केंद्रीय नियमांनुसार विमानतळाचं उत्पन्न विमानतळाच्याच कामांवर खर्च करावं लागतं, त्यामुळे हा नुसता तात्त्विक वाद राहत नाही. कोणती गाडी कोणाची, हे मोजत बसावं लागतं.

दोन्ही रस्ते दणकट, दोन्ही ठिकाणचे अभियंते हुशार. फरक पडला तो जोडरस्त्यांच्या परवानग्यांमुळे.

आता या रस्त्यावर येतं कोण ते बघू, कारण इथेही नेहमीचा अंदाज फसवा असतो. वर्षाला इतके कोटी प्रवासी, म्हणजे इतक्या गाड्या, असा हिशेब मांडला जातो. पण गाड्यांची संख्या प्रवाशांपेक्षा ते कसे येतात यावर जास्त अवलंबून असते. एक माणूस स्वतःची गाडी घेऊन आला, ती पार्किंगमध्ये लावून आठवडाभराने परत घेऊन गेला, तर रस्त्यावर दोन फेऱ्या झाल्या. त्याच माणसाला घरचं कोणी सोडायला आलं आणि परतताना आणायला आलं, तर चार. सोडणारा रिकामा परत जातो, आणायला जाणारा रिकामा येतो. टॅक्सीला परतीचं भाडं मिळालं नाही तर तिचंही तेच. म्हणजे घरच्यांनी प्रेमाने केलेली ही सेवा रस्त्याच्या दृष्टीने सगळ्यात महाग. पार्किंगचे दर भरमसाट वाढवले की लोक बस धरतील असं व्यवस्थापनाला वाटतं. प्रत्यक्षात बरेच जण मेव्हण्याला फोन करतात आणि फेऱ्या दुप्पट होतात. दारात सोडायलाही शुल्क लावल्याशिवाय हे गणित सुटत नाही. लंडनच्या हीथ्रोवर नोव्हेंबर २०२१ पासून टर्मिनलसमोर सोडण्यासाठी पाच पौंड आकारायला सुरुवात झाली, तेव्हा लोक चिडले, पण हिशेब बरोबर होता.

आणि प्रवासी हा या रस्त्याच्या गिऱ्हाइकांपैकी फक्त एक. मोठ्या विमानतळावर हजारो लोक नोकरीला असतात. हीथ्रोच्या आवारात तर ही संख्या सत्तर हजारांच्या पुढे सांगितली जाते. प्रवासी वर्षातून दोन-चारदा येतो, सामान चढवणारा, सफाई करणारी, सुरक्षा तपासणीवरचा, स्वयंपाकघरातला माणूस रोज येतो. त्यांची पाळी पहाटे चारला सुरू होते आणि त्या वेळी ना मेट्रो असते ना बस. मग ते दुचाकीवर किंवा सामायिक गाडीतून त्याच महामार्गावर येतात. प्रकल्प अहवालात त्यांच्या वाट्याला एखादा परिच्छेद आला तरी नशीब. इंटरचेंजचं उद्घाटन करताना ज्या ‘प्रवाशाच्या सोयी’चा जप होतो, त्यातला मोठा भाग खरं तर या लोकांची सोय किंवा गैरसोय असते. कार्गोचे ट्रक हा तिसरा घटक. त्यांना टर्मिनलच्या दारात काहीच काम नसतं, पण वेगळा फाटा दिला नाही तर ते प्रवाशांच्याच रॅम्पवर रांग लावतात, आणि चढावर भरलेला ट्रक काय वेगाने चढतो ते सगळ्यांनाच माहीत आहे.

यातून एक साधी गोष्ट निघते. इंटरचेंजची गरज मोजताना प्रवासी, कर्मचारी, माल आणि विमानतळाशी संबंध नसलेली स्थानिक वाहतूक, अशी चार वेगळी खाती हवीत. ‘एकूण वाहनं प्रतिदिन’ या एका आकड्याखाली सगळं लपून जातं.

वेळ वाचण्याच्या दाव्याबद्दलही बोललं पाहिजे. प्रत्येक अहवालात एक वाक्य असतं: सरासरी प्रवासवेळ इतक्या मिनिटांनी कमी होईल. मग ती मिनिटं लाखो प्रवाशांनी गुणायची, मिनिटाला पैशांचं मोल लावायचं, आणि फायदा खर्चापेक्षा जास्त दाखवायचा. पण विमान पकडणारा माणूस सरासरीवर घरातून निघत नाही. समजा, एरवी चाळीस मिनिटं लागतात, पण वीसातून एक दिवस ऐंशी मिनिटं लागतात. शहाणा माणूस ऐंशी धरूनच निघेल, कारण उशीर झाला तर तिकीट बुडतं, पुढचं विमान चुकतं, कधी कधी ज्यासाठी जायचं तो प्रसंगच हुकतो. नव्या इंटरचेंजने सरासरी चाळीसची छत्तीस झाली आणि वाईट दिवस ऐंशीचा ऐंशीच राहिला, तर एकही प्रवासी घरातून एक मिनिट उशिरा निघणार नाही. तो चार मिनिटं आधी पोचून टर्मिनलमध्ये बसेल. कागदावरचे कोट्यवधी रुपयांचे वाचलेले तास प्रत्यक्षात प्रतीक्षा कक्षातल्या खुर्च्यांवर जातात.

वाहतूक अभियंते वाईट दिवस मोजण्यासाठी पंच्याण्णवावा शतमांश वापरतात, म्हणजे शंभरातल्या पंच्याण्णव दिवशी ज्या वेळेत पोचता येतं ती वेळ. विमानतळाच्या रस्त्याला हाच निकष लावला पाहिजे. तो लावला की उपायही बदलतात. वाईट दिवस बहुधा येतो तो अपघाताने, बंद पडलेल्या ट्रकने, पाणी साचल्याने. त्यावर इलाज म्हणजे रुंद कडा, चोवीस तास उभी असलेली क्रेन, पर्यायी वाट. यातलं काहीच फीत कापण्याजोगं नाही, म्हणून ते मागे पडतं.

कोंडीची एक वाईट खोड आहे, ती जागा बदलते. बंगळुरूचा नवा विमानतळ २००८ मध्ये सुरू झाला तेव्हापासून शहराच्या बाजूने हेब्बाळचं जंक्शन ही त्याची दुखरी नस राहिली. २०१४ मध्ये हेब्बाळपासून पुढे विमानतळाच्या दिशेने लांबलचक उन्नत मार्ग खुला झाला आणि त्या टप्प्यातले सिग्नल सुटले. पण शहरातून हेब्बाळपर्यंत यायचं होतंच, आणि वरून सुसाट आलेल्या गाड्या खाली त्याच तोंडाशी येऊन थांबायच्या.

दुसरं टोक टर्मिनलच्या दारात असतं, आणि त्याकडे तर कोणी बघतच नाही. तिथे उभं राहून थोडा वेळ निरीक्षण करा. गाडी थांबते, मागचं झाकण उघडतं, बॅगा उतरतात, एक बॅग आत राहिलीय हे लक्षात येतं, पासपोर्ट चाचपला जातो, निरोप, फोटो, पुन्हा निरोप. दोन-तीन मिनिटं सहज जातात. शंभर मीटर लांबीच्या कडेला साधारण पंधरा गाड्या लागतात. प्रत्येक गाडी तीन मिनिटं थांबली तर एका जागेवर तासाला वीस गाड्या, म्हणजे शंभर मीटरला तासाला तीनशे. महामार्गाची एक लेन मात्र तासाला दोन हजारांच्या आसपास गाड्या आणून ओतू शकते. दोन लेनचा नवा रॅम्प बांधून निम्म्या क्षमतेने चालवला तरी त्या गाड्या उतरवून घ्यायला साडेसहाशे मीटर कड लागेल. ती नसेल तर गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत उभ्या राहतात, सुरक्षारक्षक शिट्ट्या फुंकतो, रांग रॅम्पवर चढते, आणि रॅम्प भरला की महामार्गाच्या डाव्या लेनमध्ये शेपूट येतं. तिथे मागून शंभरच्या वेगाने येणाऱ्याला ते वळणापलीकडे दिसत नाही. रॅम्पवरची रांग मुख्य मार्गावर येणं ही इंटरचेंजच्या रचनेतली सगळ्यात धोकादायक गोष्ट, आणि तिचं मूळ कित्येकदा दोन किलोमीटर दूर टर्मिनलच्या पायरीशी असतं.

म्हणून महामार्ग खातं आणि विमानतळ प्राधिकरण यांनी वेगवेगळे आराखडे करून शेवटी एकमेकांना जोडायचे, ही पद्धतच चुकीची आहे. पण सर्रास तीच चालते.

रचनेबद्दल थोडं, कारण इथे हौसेला मोल नसतं. चार पाकळ्यांचा, म्हणजे चार गोल वळणाऱ्या रॅम्पचा, क्लोव्हरलीफ लोकांना फार आवडतो, वरून छान दिसतो. त्याचं पेटंट अमेरिकेत १९१६ मध्ये आर्थर हेल यांनी घेतलं आणि तिथला पहिला १९२९ मध्ये न्यू जर्सीतल्या वुडब्रिजला बांधला गेला. त्याचा दोष असा की एका पाकळीतून महामार्गावर येणाऱ्या गाड्या आणि पुढच्या पाकळीत शिरू पाहणाऱ्या गाड्या एका छोट्या पट्ट्यात एकमेकींना छेदतात. गर्दी कमी होती तोवर चाललं. वाहतूक वाढल्यावर अनेक ठिकाणी अशा पाकळ्या काढून टाकाव्या लागल्या. विमानतळाजवळ हा दोष आणखी बोचतो. इथल्या चालकांपैकी बरेच परके असतात, भाड्याची गाडी, अनोळखी पाट्या, डोक्यात विमानाची वेळ. ‘आगमन’, ‘प्रस्थान’, ‘पार्किंग’, ‘कार्गो’, ‘भाड्याच्या गाड्या परत करा’ एवढं सगळं काही सेकंदांत वाचून लेन बदलायची. रोजचा माणूस सवयीने निभावून नेतो, पाहुणा ब्रेक मारतो. पाटी आणि फाटा यांत भरपूर अंतर आणि एका वेळी एकच निर्णय, हे पथ्य इथे इतर कुठल्याही इंटरचेंजपेक्षा कडक पाळायला हवं. दोन इंटरचेंजमधल्या अंतराचंही तसंच. अमेरिकी मानकांत शहरी भागात सुमारे १.६ किलोमीटर आणि ग्रामीण भागात ३.२ किलोमीटर हा ठोकताळा आहे. स्थानिक नेत्याच्या आग्रहाखातर मध्येच आणखी एक उतार दिला की तो ठोकताळा मोडतो आणि मोडल्याची किंमत सगळे चुकवतात.

शिवाय आकाशाचे नियम. धावपट्टीच्या टोकापासून बाहेरच्या दिशेने एक अदृश्य चढता पृष्ठभाग कल्पिलेला असतो, ज्याच्या वर काहीही डोकावता कामा नये. आंतरराष्ट्रीय नियमांत उपकरणांच्या मदतीने उतरण्याच्या मोठ्या धावपट्ट्यांसाठी त्याचा सुरुवातीचा चढ दोन टक्के आहे, म्हणजे एक किलोमीटरला फक्त वीस मीटर. चार मजली उड्डाणपुलाची हौस तिथेच संपते. त्यात पुलावर जाणाऱ्या ट्रकची उंचीही धरावी लागते. अमेरिकेत मोठ्या महामार्गासाठी रस्त्याच्या पातळीवर सतरा फूट, सुमारे सव्वापाच मीटर, जास्तीचे मोजतात. दिव्यांचे खांब, बांधकामाच्या क्रेन, सगळं यात आलं. दिव्यांची रांग वैमानिकाला चुकून धावपट्टीसारखी वाटू नये, हेही पाहावं लागतं. आणि पाणी. पाकळ्यांच्या मधल्या खोलगट जागेत पावसाचं पाणी साठवण्याची सोय करतात, वर शोभेची झाडं. तिथे पक्षी येतात. जेट विमानांच्या विमानतळापासून सुमारे तीन किलोमीटरच्या आत पक्ष्यांना आकर्षित करणारं काही नसावं, अशी अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाची शिफारस आहे. आराखड्यातलं ते सुंदर तळं पाहिलं की मला आधी बगळे आठवतात.

स्वस्तात बरंच काही होऊ शकतं, हेही सांगायला हवं. डायव्हर्जिंग डायमंड नावाची एक रचना आहे. पुलावर वाहतूक काही अंतर उलट बाजूने न्यायची, म्हणजे वळणाऱ्या गाड्यांना समोरून येणाऱ्यांचा छेद द्यावा लागत नाही. फ्रान्समध्ये १९७० च्या दशकात ती आली, अमेरिकेत पहिली २००९ मध्ये मिझुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्डला. साध्या डायमंड इंटरचेंजमध्ये, म्हणजे चार तिरके रॅम्प हिऱ्याच्या आकारात असलेल्या रचनेत, गाड्यांची वाट एकमेकींना छेदण्या-भिडण्याची सव्वीस ठिकाणं असतात, हिच्यात चौदा. कित्येकदा जुना पूल न पाडता ती बसवता येते. विमानतळाजवळच्या जुन्या जंक्शनला आधी असं काही करून बघितलं का, हा प्रश्न नव्या प्रकल्पाच्या पहिल्या बैठकीत यायला हवा. सहसा येत नाही, कारण मोठा प्रकल्प सगळ्यांनाच हवा असतो, अगदी विरोधकांनाही.

रस्ते वाढवले की वाहतूक वाढते, हे अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्ये मांडलं होतं. जिल ड्युरांटन आणि मॅथ्यू टर्नर यांनी २०११ मध्ये अमेरिकी शहरांची आकडेवारी तपासून दाखवलं की महामार्गांच्या लेन जितक्या टक्क्यांनी वाढतात, जवळपास तितक्याच टक्क्यांनी गाड्यांनी कापलेलं अंतरही वाढतं. इंटरचेंजचे विरोधक हा दाखला देतात आणि तिथेच थांबतात. मला तो अर्धवट वाटतो. विमानतळाचा रस्ता सुधारला म्हणून कोणी वर्षातून दोनाऐवजी सहा वेळा विमानाने जात नाही. नवी गर्दी येते ती इतरांची: वाट बदलून आलेल्यांची, नव्याने तिथे राहायला आलेल्यांची, रस्ता चांगला म्हणून त्याच्या कडेला आलेल्या मॉलच्या गिऱ्हाइकांची. म्हणजे हा युक्तिवाद इंटरचेंज नको असं सिद्ध करत नाही. त्याच्या दाराला कुलूप हवं, एवढंच सिद्ध करतो.

रस्ता मुळीच न देणं किती महागात पडतं याचंही उदाहरण आहे. कॅनडात मॉन्ट्रियलसाठी मिराबेल हा अवाढव्य विमानतळ १९७५ मध्ये सुरू झाला. शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर, त्यासाठी शेतकऱ्यांची प्रचंड जमीन सक्तीने घेतलेली. तिथपर्यंत न्यायचा महामार्ग वाटेतच थांबला, नियोजित वेगवान रेल्वे कागदावरच राहिली, आणि शहराजवळचा जुना विमानतळ चालूच राहिला. मिराबेल फसण्याची कारणं आणखीही होती, पण तिथे पोचणं हीच शिक्षा असेल तर कोण जाणार? २००४ मध्ये तिथली प्रवासी उड्डाणं बंद झाली आणि २०१४ मध्ये टर्मिनल पाडायला घेतलं. ज्यांच्या शेतातून तो उभा राहिला त्यांना काय वाटलं असेल याची कल्पनाच केलेली बरी.

दुसऱ्या वाटेचा मुद्दाही मी हलका मानत नाही. समुद्रात भराव घालून बांधलेल्या जपानच्या कन्साई विमानतळाला जमिनीशी जोडणारा एकच पूल आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये जेबी वादळात एक टँकर जहाज त्यावर आदळलं आणि सुमारे तीन हजार प्रवासी रात्रभर बेटावर अडकले. ज्या विमानतळाला जमिनीवरून एकच रस्ता आहे, तिथे नव्या इंटरचेंजचं सगळ्यात भक्कम समर्थन हेच असू शकतं: एक वाट बंद पडली तर दुसरी असावी. पण मग ती खरोखर दुसरी हवी. बरेच ‘पर्यायी’ इंटरचेंज त्याच महामार्गावर दोन किलोमीटर पुढे असतात आणि टर्मिनलआधी त्याच चौकात येऊन मिळतात.

मग परवानगी द्यावी तर कशी? हीथ्रोच्या पाचव्या टर्मिनलचा दाखला इथे उपयोगी आहे. १९९५ ते १९९९ अशी तब्बल चार वर्षं त्याची सार्वजनिक सुनावणी चालली. २००१ मध्ये परवानगी मिळाली ती अटींसह, त्यात वर्षाला ४,८०,००० उड्डाणांची मर्यादा आणि पार्किंगच्या जागांवरही कमाल मर्यादा होती. २००८ मध्ये टर्मिनल उघडलं तेव्हा लंडनभोवतीच्या एम २५ महामार्गावरून थेट येणारा फाटा तयार होता, आणि भुयारी रेल्वे व हीथ्रो एक्सप्रेसही त्याच टर्मिनलखाली पोचलेल्या होत्या. पुढे २०१८ मध्ये तिसऱ्या धावपट्टीचं धोरण ठरवताना ब्रिटिश सरकारने अट घातली की २०३० पर्यंत किमान निम्मे आणि २०४० पर्यंत किमान ५५ टक्के प्रवासी सार्वजनिक वाहतुकीने आले पाहिजेत. अटी पाळल्या जातात की नाही हा वेगळा झगडा. पण अट लिहिलेली असेल तर झगडता तरी येतं. हाँगकाँगने हे आधीच साधलं होतं: जुलै १९९८ मध्ये नवा विमानतळ सुरू झाला त्याच दिवशी विमानतळ एक्सप्रेस रेल्वेही सुरू झाली. लोकांना गाडीची सवय लागायला अवसरच मिळाला नाही.

रेल्वे आज परवडत नसेल तर निदान तिची जागा तरी राखावी. जपानमध्ये नारिता विमानतळ १९७८ मध्ये सुरू झाला तेव्हा टर्मिनलखाली शिंकान्सेन या बुलेट ट्रेनसाठी स्थानकाची जागा करून ठेवलेली होती. शिंकान्सेन आली नाही, ती योजनाच गुंडाळली गेली, पण १९९१ मध्ये त्याच जागेत साध्या गाड्या येऊ लागल्या. इंटरचेंजचे खांब रोवताना मधल्या पट्ट्यात वीस मीटर सोडले तर खर्च थोडा वाढतो. न सोडता तीस वर्षांनी ते खांब पाडायचे म्हटलं तर आकड्याकडे बघवत नाही. रॅम्पवर बससाठी वेगळी लेन पहिल्या दिवसापासून हवी, ‘गर्दी वाढल्यावर बघू’ असं नको. गर्दी वाढल्यावर गाडीवाल्यांच्या हातून लेन काढून घेणं किती कठीण असतं, हे ज्यांनी प्रयत्न केला त्यांना विचारा.

राहता राहिला पैशांचा प्रश्न, आणि तो जमिनीपासून सुटा होत नाही. इंटरचेंज जाहीर होताच ज्याची जमीन त्यात जाते त्याला मोबदला मिळतो, एकदाच. ज्याची जमीन त्याच्या कडेला उरते तो रातोरात श्रीमंत होतो. जाहीर होण्याआधी ज्याला कळलं त्याची चांदी तर विचारूच नका. हा फायदा सार्वजनिक पैशाने निर्माण झालेला असतो, तेव्हा त्यातला मोठा हिस्सा विकास शुल्काच्या रूपाने परत घेण्यात अन्याय काहीच नाही. अन्याय त्याच्या उलट प्रकारात आहे: शेत गेलेल्याने कोर्टात खेटे घालायचे, आणि कडेवरच्याने सर्व्हिस रोडवरून स्वतःच्या फाटकाला थेट जोड मिळवायची. ती जोड मिळाली की विमानतळाच्या रस्त्यावर आणखी एक वळण, आणखी एक ब्रेक, आणखी एक रांग.

जनसुनावणीला जाणाऱ्यांनी रॅम्पच्या रंगीत चित्रावर वेळ घालवू नये. तीन कागद मागावेत. वाहनांची मोजणी, चार खात्यांत वेगळी केलेली. वाईट दिवशी घरापासून टर्मिनलच्या दारापर्यंत लागणारी वेळ, आजची आणि बांधकामानंतरची. आणि इंटरचेंजच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन किलोमीटरपर्यंत कुठे जोडरस्ता देता येईल, कुठे कधीच देता येणार नाही, हे दाखवणारा नकाशा, जो बदलायचा तर पुन्हा जाहीर सुनावणी घ्यावी लागेल अशा कायदेशीर ताकदीचा. पहिले दोन कागद अधिकारी थोडी कुरकुर करून देतील. तिसऱ्याला ‘तो पुढच्या टप्प्यात’ असं उत्तर मिळेल. तो नकाशा आराखड्याला जोडेपर्यंत सुनावणी तहकूब ठेवावी, अशी लेखी मागणी तिथल्या तिथे नोंदवून पोच घ्यावी.